बुगुनांचं रान

भालुकपोंग मागे पडलं की आसामची सपाटी एकदम संपते आणि अरुणाचलचे डोंगर सुरू होतात. तोवर दोन्ही बाजूंना भातखाचरं, सुपारीची झाडं आणि चहाचे मळे असतात. मग एका अंगाला कामेंग नदीचं हिरवट पाणी येतं आणि दुसऱ्या अंगाला ओलीचिंब दरड. तवांगकडे जाणारा हा रस्ता मुख्यतः लष्कराच्या वर्दळीचा आहे. नेचिफूच्या चढावर दाट धुक्यात गाड्या तासन्‌तास अडकायच्या. २०२३ साली तिथे बोगदा झाला. धुकं मात्र आहे तिथेच आहे. बोगद्याबाहेर पडले तर समोरचा डोंगर दिसेना, नुसता पाण्याचा आवाज आणि धुक्यातून कुठूनतरी शीळकरी कस्तुराची शीळ. आपल्या सह्याद्रीतल्या कस्तुराचा हा हिमालयातला भाऊ. सूर वेगळा, पण पहाटे ओढ्याकाठच्या दगडावर बसून गायची खोड तीच.

वाटेवरच्या टपऱ्या बायका चालवतात. पाठीला झोळीत मूल बांधलेलं, एक हात मोमोच्या भांड्यावर, दुसरा गल्ल्यावर. आपल्याकडे घाटातल्या चहाच्या टपरीवर बाई दिसलीच तर ती मागे कपबश्या विसळताना दिसते. इथे ती मालकीण असते आणि मालकिणीसारखीच बोलते. बोलते ती हिंदीच, पण अरुणाचलची हिंदी. बाई असो की बुवा, सगळे ‘हम जाएगा, हम खाएगा’. डोंगरापलीकडच्या गावाची भाषा या गावाला कळत नाही, म्हणून साऱ्यांनी ही एक भाषा आपलीशी केली आहे. दूध न घातलेला लाल चहा आणि मिरचीची अशी चटणी, की डोळ्यांत पाणी उभं राहावं. ‘कुठे चाललात?’ तिने विचारलं. ‘सिंगचुंगला, पक्षी बघायला.’ तिला यात काही नवल वाटलं नाही. पक्षी बघायला माणसं येतात हे या रस्त्याला आता सवयीचं आहे.

टेंगाचं खोरं म्हणजे नदीकाठाने लांबवर पसरलेली छावणी. तिच्या वरच्या अंगाला, एका उतारावर सिंगचुंग आहे. पत्र्याची छपरं, कोबी-टोमॅटोची वावरं, कुठेकुठे किवीचे मांडव, आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या पताका. हे बुगुन लोकांचं गाव. बुगुन ही अरुणाचलातल्या लहान जमातींपैकी एक; सगळे मिळून माणसं दोन हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढी अख्खी जमात. पण हा डोंगर, हे रान, हे ओढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या ताब्यात आहेत. अरुणाचलातलं बरंचसं जंगल असंच आहे. कागदोपत्री सरकारचं, पण वहिवाट जमातीची, आणि कुठली झाडं तोडायची, कुठली नाही, ते गावची बैठक ठरवणार.

ज्या घरी उतरले, तिथे स्वयंपाकघराच्या मधोमध चूल होती आणि चुलीवर बांबूची ताटी टांगलेली. ताटीवर मांसाचे तुकडे आणि मिरच्या धुरात वाळत होत्या. माझ्या आजोळी, संगमेश्वर तालुक्यात, चुलीवर अशीच ताटी असे. पावसाळ्यात तिच्यावर सोलं सुकत. धुराचा वास नाकात गेला आणि इतक्या लांब येऊनही परकं वाटेनासं झालं. भात, डाळ, मोहरीचा पाला आणि तीच जाळणारी चटणी. पाहुणी म्हणून मला चुलीजवळची जागा दिली. पाहुण्याला आग्रह करायची इथली तऱ्हा गप्प असते. ताट रिकामं दिसलं की न विचारता वाढतात, एवढंच.

घरचे म्हातारे पूर्वी लाकडाच्या धंद्यात होते. ‘तेव्हा ट्रक भरभरून लाकूड खाली आसामात जायचं,’ ते सांगत होते. ‘पोरांच्या शाळेचा खर्च, घराचे पत्रे, सगळं त्यातून.’ १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येतल्या वृक्षतोडीला लगाम घातला आणि या डोंगरातला नगद पैसा एकाएकी आटला. आपण पुण्या-मुंबईत बसून त्या निकालाचं कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण त्या निकालानंतर इथल्या घरांत काय झालं, हे विचारायला फारसं कुणी आलं नाही. जंगल वाचवायचं म्हणजे कुणाची तरी मिळकत थांबवायची, ही गोष्ट मी आजवर पुस्तकात वाचली होती. इथे ज्याची मिळकत थांबली, तो माणूस माझ्या ताटात भात वाढत होता.

विचारायला आलेल्या थोड्यांपैकी एक होते रमण अत्रेय. पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पुण्यातल्या आयसर या विज्ञानसंस्थेत शिकवणारे, आणि पक्ष्यांचं वेड लागलेले. जानेवारी १९९५ मध्ये या डोंगरात त्यांना एक पक्षी ओझरता दिसला, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. पुढे २००३ पासून त्यांनी इथे जैवविविधतेचा प्रकल्प उभा केला आणि सिंगचुंगचे इंडी ग्लो त्यांच्या सोबतीला आले. जंगल उभं ठेवून गावाला पोट भरता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी शोधलेलं उत्तर साधं होतं. जगभरातले पक्षीवेडे इथे येतील, तंबूत राहतील, गावातला स्वयंपाकी, गावातला चालक, गावातला वाटाड्या त्यांना सांभाळेल आणि पैसा गावात राहील. २००५ साली तो पक्षी पुन्हा दिसला. २००६ साली ही नवी जात म्हणून जगापुढे आली. अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर भारतात सापडलेली ती पहिली नवी पक्षिजात. नाव ठेवलं बुगुन लिओसिकला.

या शोधातली एक गोष्ट मला शोधाहूनही मोठी वाटते. नवी जात जाहीर करायची तर एक पक्षी मारून, पेंढा भरून, संग्रहालयात नमुना म्हणून ठेवायचा, ही शास्त्राची जुनी रीत. अत्रेय यांना तोवर सगळे मिळून चौदाच पक्षी माहीत होते. त्यांतला एक मारला असता तर कदाचित एक जोडीच मोडली असती. म्हणून जाळ्यात आलेल्या पक्ष्याची मापं घेतली, फोटो काढले, जाळ्यात गळून पडलेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. तीच पिसं नमुना झाली. मेलेला पक्षी नसेल तर नमुना कसला, असा वादही पुढे झाला. माझ्या मते अत्रेय यांचंच बरोबर होतं. ज्याची ओळख करून द्यायची, त्यालाच आधी मारायचं, हे चौदा पक्ष्यांच्या बाबतीत कुठल्याही शास्त्राने मागू नये. २०११ साली त्यांना या डोंगरातल्या कामासाठी निसर्गसंवर्धनाचा व्हिटली पुरस्कार मिळाला.

पक्षी सापडला खरा, पण तो कुठे राहतो ते पाहिल्यावर पुढचा पेच पडला. लिओसिकला दिसतो तो बहुतेक ईगलनेस्ट अभयारण्याच्या वेशीबाहेर, सिंगचुंगच्या गावरानात. म्हणजे १९८९ साली आखलेल्या २१७ चौरस किलोमीटरच्या सरकारी अभयारण्याचा त्याला पुरता उपयोग नाही. त्याचं घर गावाच्या हाती. २०१७ साली गावाने आपल्या रानातलं १७ चौरस किलोमीटर जंगल सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करून घेतलं. तिथे कुऱ्हाड नाही, बंदूक नाही. गस्त घालायला गावचीच पोरं. दुसऱ्याच वर्षी गावाच्या समितीला भारताचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

त्या गस्तीतला एक पोरगा माझ्याबरोबर लामा कॅम्पला आला. पायात गमबूट, कमरेला दाओ म्हणजे इकडचा कोयता, गळ्यात दुर्बीण. लामा कॅम्प म्हणजे २३०० मीटरच्या वर, ओकच्या झाडांत टेकलेले काही तंबू आणि धुराने काळी झालेली एक स्वयंपाकाची झोपडी. बाजूच्या उतारावर गावाचे मिथुन चरत होते. आपल्या गव्याचे हे माणसाळलेले नातलग. रात्री पाऊस पडला, सकाळी जळवा निघाल्या. पोराने मीठ बांधलेली पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, ‘दीदी, बोलू नका. फोनवरचा आवाजही लावायचा नाही.’ पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला झुडपातून बाहेर काढायची सवय पक्षीनिरीक्षकांत फार बोकाळली आहे. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो बिचारा घरटं सोडून धावत येतो. जिथे जोड्याच बोटांवर मोजण्याएवढ्या, तिथे हा खेळ परवडणारा नाही. तो पोरगा हे मला नियमांच्या वहीतून वाचून दाखवत नव्हता. आपल्या घरचं माणूस झोपलेलं असताना पाहुण्याला गप्प करावं, तसा तो मला गप्प करत होता.

बराच वेळ काहीच नाही. मग खालच्या झुडपातून एक लांब, बासरीसारखी शीळ आली, शेवटाकडे उतरत जाणारी. पोराने बोट दाखवलं. ओल्या पानांआड काहीतरी हललं. आधी काळी टोपी दिसली, मग डोळ्याजवळचा सोनेरी-पिवळा ठिपका. अंग शेवाळासारखं करडं-हिरवट. तो एका फांदीवर आडवा वळला आणि मिटलेल्या पंखावर पिवळं, लाल, पांढरं असं सगळं एकदम उजळलं. शेपटीच्या टोकाला लाल. पानाखालची एक अळी उचलली, चोचीत दोनदा आपटली, गिळली. मागोमाग दुसरा पक्षी आला, पहिल्याच्या इतका जवळ की पिसांना पिसं लागली. दोघे झुडपातून झुडपात उतारावरून खाली गेले. पोराने खिशातून वही काढून जागा आणि वेळ टिपली. त्याच्या चेहऱ्यावर मला आमच्या गावच्या पुजाऱ्याचा, काकड आरती आटोपल्यावरचा चेहरा दिसला.

वीस-बावीस सेंटीमीटरचा हा पक्षी जगात दुसरीकडे कुठे असल्याचं ठाऊक नाही. जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांची एक यादी मुंबईची बीएनएचएस ही संस्था बर्डलाइफ इंटरनॅशनलबरोबर करत आली आहे. भारतात अशी पाचशेहून जास्त क्षेत्रं नोंदली गेली आहेत आणि ईगलनेस्ट त्यांत आहे. यादीचं काम मोलाचं आहे, त्याशिवाय कुठे धावायचं तेच कळलं नसतं. पण या नोंदीला स्वतःचं असं कायद्याचं बळ नाही. यादीत नाव आलं म्हणून झाडावर पडणारी कुऱ्हाड थांबत नाही. ती थांबते ती त्या झाडाखाली राहणाऱ्या माणसाने हात धरल्यावर. सिंगचुंगच्या पोरांनी तो धरला आहे.

लामा कॅम्पच्या पुढे रस्ता खिंडीकडे चढतो. हा रस्ता लष्कराने केला आणि ईगलनेस्ट हे नावही त्यांच्याच ‘रेड ईगल’ डिव्हिजनवरून आलं. पुढे मुख्य वाहतूक भालुकपोंगच्या बाजूने गेली आणि हा रस्ता मागे पडला. तो मागे पडला म्हणून रान टिकलं. खिंडीत ऱ्होडोडेंड्रॉनवर लाल फुलं होती, ढग रस्त्यावरून चालत होते आणि चिखलात, एवढ्या उंचावर, हत्तीची विष्ठा. उन्हाळ्यात आसामच्या पायथ्यापासून कळप इथवर चढतात. सह्याद्रीच्या कळसूबाईहून हजारभर मीटर उंच जागी हत्ती!

खिंड ओलांडली की उतार सुरू होतो आणि ईगलनेस्टची खरी दौलत समोर येते. अभयारण्य पाचशे मीटरपासून सव्वातीन हजार मीटरपर्यंत पसरलं आहे आणि मध्ये कुठेही जंगल तुटलेलं नाही. दर काहीशे मीटरला झाडं बदलतात, शेवाळ बदलतं, पक्षी बदलतात. वर दिसलेला सातभाईंचा एक नातलग खाली मुळीच दिसत नाही, त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली. एकदा रस्त्यावर उभी असताना मिश्र थवा आला. आधी एक चिवचिवाट, मग डोक्यावरच्या फांद्या जणू उकळू लागल्या. कुणी खोडावर उलटं उतरतंय, कुणी पानांच्या टोकाला लोंबकळतंय, कुणी उडता किडा हवेतच टिपतोय. निळे, पिवळे, तपकिरी, तुरेवाले. कुणाचं नाव आठवावं तोवर दुसरा पुढे. काही मिनिटांत सगळं गेलं आणि झाडं पुन्हा मुकाट झाली. आपल्या कर्ण्याचा भाऊबंद असलेला वॉर्ड्स ट्रोगॉन मात्र एका फांदीवर, गुलाबी पोट पुढे काढून, स्थितप्रज्ञासारखा बसून राहिला.

बोम्पूच्या तळावर, साधारण १९०० मीटरवर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उमेश श्रीनिवासन यांचं पक्ष्यांना कडी घालण्याचं काम २०११ पासून वर्षानुवर्षं चालू आहे. पहाटे झाडांमध्ये बारीक जाळी लावतात. जाळ्यातला पक्षी सोडवायचं काम ज्याच्या हाती होतं, तो जवळच्याच गावचा तरुण. त्याची बोटं जाड, शेतकऱ्याची. पण जाळ्याचा एकेक धागा तो पंखावरून असा सोडवत होता की पीस वाकत नव्हतं. पक्षी छोट्या कापडी पिशवीत, पिशवी काट्यावर. दहा ग्रॅमसुद्धा नाही. मग पायात ॲल्युमिनियमचं कडं, पंखाची लांबी, चरबी किती ते बघायला पोटावर हळूच फुंकर, की पिसं दुभंगून आतली गुलाबी कातडी दिसते. वहीत नोंद. मग त्याने मूठ उघडली. पक्षी क्षणभर तळहातावरच बसला आणि निघून गेला. ‘हा तीन वर्षांपूर्वीही इथेच सापडला होता,’ कड्याचा क्रमांक वहीत बघून तो म्हणाला. तीन पावसाळे काढून आपल्याच ओढ्याकाठी परत भेटलेला जीव!

इथे एका बाजूला कधीच न तोडलेलं रान आहे आणि दुसऱ्या बाजूला काही दशकांपूर्वी निवडक मोठी झाडं काढून नेलेलं. लांबून दोन्ही सारखीच हिरवी. पण आत शिरल्यावर अंगालाच फरक कळतो. जुन्या रानात जमीन थंड, दमट, पायाखाली लुसलुशीत. तोडलेल्या रानात ऊन खालपर्यंत पोचतं आणि पालापाचोळा चुरचुरतो. इथल्या नोंदींतून पुढे आलं आहे ते असं, की तोडलेल्या रानात जमिनीलगत किडे टिपणारे छोटे पक्षी कमी जगतात. उष्मा वाढतो, किडे घटतात आणि आता सगळीकडेच तापमान चढत असताना या पक्ष्यांपुढे थंडावा शोधत वर सरकण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. वर सरकायलाही जुनं, सलग रान लागतं. मधेच रान तुटलं तर हे पक्षी उघडं माळरान ओलांडून जात नाहीत, ते तिथेच संपतात. म्हणून ‘चार झाडं तोडली तर काय बिघडलं’ हा युक्तिवाद मला बोम्पूनंतर ऐकवत नाही. काय बिघडलं ते त्या वहीत लिहिलेलं आहे.

आणखी खाली, सेसनीपासून हवा जड झाली, केळी आणि वेत दिसू लागले. खेलोंगच्या अंगाला पोचेपर्यंत घाम आणि डास. तिथे एका उंच झाडावरून धनेशांची जोडी उडाली. पंखांचा तो घरघर आवाज, दूरवरून वाफेचं इंजिन यावं तसा, मी आजोळच्या देवराईत कितीदा ऐकला आहे. तिथे धनेशाला गरुड म्हणतात. जुन्या बेहड्याच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते, चिखल-विष्ठेने तोंड लिंपून फक्त चोचीएवढी फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. त्यासाठी झाड म्हातारं लागतं. ढोली एका पिढीत तयार होत नाही.

आणि आमच्याकडे म्हातारी झाडं झपाट्याने जात आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. मालक मुंबईत, ठेकेदार गावात, आणि काही वर्षांनी सगळा डोंगर एकदम बोडका. त्यातला पैसा मालकाला मिळतो तो किरकोळ. काजूची लागवड, रबर, कोळसा यांच्या नावाखाली हे चालतं. देवराया देवाच्या धाकाने टिकल्या, पण देवळाचा जीर्णोद्धार करायचा म्हणून त्यांतलीच झाडं विकलेली मी पाहिली आहेत. सिंगचुंगच्या लोकांकडे आपल्याहून जास्त पैसा नाही, आपल्याहून जास्त शिक्षण नाही. रान आपलं आहे आणि ते उभं ठेवण्यात आपला मान आहे, एवढं त्यांनी गावच्या बैठकीत बसून ठरवलं. ते ठरवताना त्यांच्यापुढे रोजगाराचा एक खरा, हाताला लागणारा पर्याय कुणीतरी आणून ठेवला होता. ही दोन्ही कामं आपल्याला जमण्यासारखी आहेत. कोकणात फिरायला जाल तेव्हा गावातल्याच पोराला वाटाड्या म्हणून घ्या, त्याला चांगले पैसे द्या, त्याच्या घरी जेवा. आणि ज्यांच्या सात-बाऱ्यावर रान आहे, त्यांनी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम ३६ क वाचावं. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार सामुदायिक राखीव क्षेत्र गावाच्या जमिनीवर करता येतं आणि एकट्या मालकाने स्वखुशीने पुढे केलेल्या खासगी जमिनीवरही करता येतं.